तेलाचा हात

८ नोव्हेंबर २०२५, शनिवार

न्यूझीलंडला, लेकीकडे लोअर हटला येऊन आज अकरा दिवस झाले. ही वही ममताने दिली. "आई, रोज चार ओळी लिही, बरं वाटेल," म्हणाली. हे गेल्याला आठ महिने झाले आणि तेव्हापासून माझी लेक मला बरं वाटावं म्हणून काही ना काही आणून देते आहे. मी आजारी नाही. पण कागद चांगला आहे, वाया कशाला घालवायचा.

दुपारी कपड्यांचे चिमटे शोधायला गॅरेजमध्ये गेले. तिथे जावईबापू अभिनव टेबलाशी बसून एका पितळी वस्तूची लांबी मोजत होते. व्हर्निअर धरला होता सांडशीसारखा. चिंचवडला मोजमापाची गेज बनवणाऱ्या कारखान्यात एकतीस वर्षं मी तपासणी खात्यात काढली आहेत, मला असं बघवत नाही. "द्या इकडे," म्हणून मी तो हातातून घेतला, जबडे पुसले, शून्य तपासलं आणि माप वाचून दाखवलं. ती वस्तू काडतूस आहे हे मला माप सांगून झाल्यावर कळलं.

म्हणजे अभिनव 'ट्रेकिंगला' जातात ते हरणं मारायला. दोन वर्षं ममता मला फोनवर ट्रेकिंग सांगत होती. विचारलं तर म्हणते, "अगं, तू अंडंसुद्धा खात नाहीस. तुला काय सांगणार होते?" बरोबर आहे तिचं. तरी राग आला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज अभिनव स्वतःच समोर येऊन बसले. म्हणाले, "आई, इथली हरणं मूळची नाहीत, बाहेरून आणून सोडलेली. त्यांना खाणारं कुणी नाही, ती जंगल फस्त करतात."

"हे हरणाला सांगितलंत का?" मी विचारलं.

ते हसले नाहीत. मग खरी गोष्ट सांगितली. गेल्या एप्रिलमध्ये, नरांच्या हंबरण्याचा हंगाम असतो तेव्हा, त्यांनी एका हरणावर गोळी झाडली. ती मागच्या बाजूला लागली. हरीण पळालं. अभिनव दोन दिवस रक्ताच्या थेंबांवरून माग काढत फिरले, मग पाऊस आला आणि माग पुसला गेला. हरीण सापडलं नाही. तेव्हापासून त्यांनी एकाही जनावरावर रायफल उचललेली नाही.

त्यांचं म्हणणं असं की दुकानातली काडतुसं सगळी सारखी नसतात. आपण घरी बनवली, प्रत्येक अगदी दुसऱ्यासारखं, तर गोळी कुठे जाणार याची खात्री देता येईल. ईस्टरच्या सुट्टीत डोंगरात जायचं आहे. तोपर्यंत खात्री झाली नाही तर रायफल विकून टाकणार.

मी म्हटलं, विका की. पण रात्री अर्ध्या ताटावरून उठले. दोन दिवस रक्त गाळत हिंडणारं जनावर डोळ्यांसमोरून जात नव्हतं. ही माणसं हरणं मारणारच असतील, आज ना उद्या, तर ते एका गोळीत आणि जागच्या जागी व्हावं. त्याला माप लागतं. मापातलं मला कळतं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

काम सुरू केलं. इथल्या कायद्याने लायसन्स अभिनवच्या नावावर असल्यामुळे मी बंदुकीच्या दारूला किंवा काडतुसाला हात लावायचा तर ते समोर बसलेले हवेत. म्हणून दर शनिवारी सकाळी सासू-जावई टेबलाच्या दोन बाजूंना. ममता चहा घेऊन येते, दारात उभी राहून बघते आणि कप ठेवून जाते.

काम सोपं आहे, चिकाटीचं आहे. एकदा उडवलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी घ्यायची. हातदाब्याने, म्हणजे टेबलाला बसवलेल्या हाताच्या प्रेसने, तिला मूळ आकारात आणायचं. बुडाच्या खाचेत नवी टिकली बसवायची. तिला हे लोक प्रायमर म्हणतात, पण दिवाळीच्या पिस्तुलातल्या टिकलीचंच ते मोठं भावंड आहे. मग काट्यावर तोलून दारू, आणि वरून गोळी दाबून बसवायची. सगळी गंमत 'सारखं' या शब्दात आहे.

पन्नास पुंगळ्यांपैकी चौदा मी बाद केल्या. अभिनव कळवळले. "आई, त्या चालतात हो."

"चालतात तर मला कशाला बसवलंत?"

रिकाम्या पुंगळ्यांना लायसन्स लागत नाही, त्या मी दुपारी एकटीच धुऊनपुसून ठेवते. इथली हवा कायम ओली, पितळ चार दिवसांत डागळायला लागतं. म्हणून प्रत्येक पुंगळीवरून तेलाचा हात फिरवते, बारीक ब्रशने बुडाच्या खाचेतसुद्धा. कारखान्यात गेज उचललं की पुसायचं आणि तेल लावून ठेवायचं, हे माझ्या बोटांना कुणी सांगावं लागत नाही. खंडेनवमीला तर अख्खा विभाग तेलाने चमकायचा आणि मग झेंडूची फुलं.

१३ डिसेंबर, शनिवार

पहिली चाचणी. शहराबाहेर डोंगराच्या कुशीत नेमबाजीचं मैदान आहे. उन्हाळा म्हणतात आणि वारा असा की माझी शाल दोनदा उडाली. तिथली देखरेख करणारे हेमी नावाचे वयस्क माओरी गृहस्थ आहेत, पांढरी दाढी, पायात मोजे नाहीत, नुसत्या चपला. मला बघून म्हणाले, "किया ओरा, आंटी." हा त्यांचा नमस्कार. या देशात मला आंटी म्हणणारा पहिला माणूस माझ्याच वयाचा निघाला.

कानाला बूच लावून मी अभिनवच्या शेजारी वही घेऊन बसले. शंभर मीटरवर कागद. पाच गोळ्या झाडल्या, पाच भोकं माझ्या तळहाताबाहेर पसरलेली. पुन्हा पाच, तसंच. दुकानातली पाच, तीही तशीच. मला फार वाईट वाटलं. छत्तीस पुंगळ्या मी मुलींसारख्या सांभाळल्या होत्या.

शेवटी हेमींनी रायफल मागितली आणि आमच्यातली तीन झाडली. तीनही भोकं एका नाण्याखाली झाकली गेली. "स्वीट ॲज," म्हणजे झकास, असं म्हणाले आणि रायफल परत देताना अभिनवकडे जरा वेळ बघत राहिले. तेव्हा वारा पडला होता. त्यांचं नशीब.

१० जानेवारी २०२६, शनिवार

चार चाचण्या झाल्या. दारू बदलून पाहिली, गोळी किती खोल बसवायची ते बदलून पाहिलं, दुसरा काटा आणून पहिल्याशी ताडून पाहिला. माझ्या वहीत काडतुसांचा फरक केसाएवढा येतो आणि कागदावर भोकांचा पसारा तेवढाच राहतो.

अभिनव अबोल झालेत. मागच्या शनिवारी म्हणाले, मैदान बंद आहे. ममता सहज बोलून गेली की बंद नव्हतं. आज गेलो तर प्रत्येक गोळीआधी खांदा चोळत होते, घाम पुसत होते. तब्येत बरी नसावी. मी ममताला सांगितलं, त्यांचं बी-ट्वेल्व्ह तपासून घे.

मला मात्र चैन नाही. एकतीस वर्षांत माझ्या टेबलावरून गेलेला माल परत आलेला नाही.

३१ जानेवारी, शनिवार

आजचा दिवस लिहू नये असं वाटतं, म्हणूनच लिहिते.

महिन्यापूर्वी भरून ठेवलेली वीस काडतुसं घेऊन गेलो. तिसऱ्यालाच नुसतं टक. आवाज नाही, धक्का नाही. हेमी लगेच म्हणाले, "होल्ड इट देअर, मेट. वन मिनिट." उशिरा उडण्याची भीती असते, म्हणून रायफल निशाणाकडेच धरून पूर्ण मिनिटभर थांबायचं. मी घड्याळ बघून साठ मोजले. आयुष्यात एवढं लांब मिनिट मी याआधी एकदाच मोजलं आहे.

वीसपैकी तीन काडतुसं अशी मुकी निघाली. सवयीने मी वहीत नोंदी केल्या: "क्र. ३, टक, नळी खाली गेली, डोळे मिटलेले. क्र. ११, टक, नळी खाली. क्र. १६, टक, नळी खाली."

मग हेमींनी माझ्या डब्यातली एक तयार केलेली रिकामी पुंगळी उचलली, बुडाच्या खाचेवर करंगळी दाबून फिरवली आणि ती उन्हात धरली. ती चमकत होती. "ऑइल, आंटी?" एवढंच म्हणाले. तेलाने टिकली मरते. लगेच नाही, हळूहळू. हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असेल. अभिनवना वाटलं मी पुंगळ्या नुसत्या धुते. मी सांगितलं नव्हतं, कारण तेल लावते हे काय सांगायचं, श्वास घेते हे कुणी सांगतं का.

येताना गाडीत अभिनव म्हणाले, "आई, असू दे हो, होतं असं." त्यांच्या आवाजात थोडी सुटकाही होती, ती कशाची ते कळलं नाही. मी खिडकीबाहेर बघत रडले.

१ फेब्रुवारी, रविवार

रात्रभर एकच विचार. दारू तपासली, काटे तपासले, वाऱ्याला दोष दिला, हेमींच्या नशिबाला नावं ठेवली. स्वतःचा हात तेवढा तपासला नाही.

आणि हे पहिल्यांदा नाही. हे गेले त्या सकाळी ह्यांचा रक्तदाब मी नेहमीप्रमाणे मोजला. यंत्राने जो आकडा दाखवला तो मला नको होता. मी म्हटलं, यंत्र बिघडलंय. सेल बदलले. पट्टा दुसऱ्या दंडाला बांधला. तीनदा मोजलं. हे हसून म्हणालेसुद्धा, "मंदा, मला रिजेक्ट करतेस का?" चाळीस मिनिटांनी रिक्षा बोलावली. ते चाळीस मिनिटांचं मी कुणालाच सांगितलेलं नाही, ममतालाही नाही. डॉक्टर म्हणाले होते की फरक पडला नसता. डॉक्टरांना असं बोलावंच लागतं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

पुंगळ्या साबणाने, मग स्पिरिटने धुतल्या. दुपारी शनिवारच्या नोंदी स्वच्छ उतरवून घेत होते. क्र. ३, टक, नळी खाली. पेन तिथेच थांबलं.

गोळी सुटली नाही तर धक्का नाही. धक्का नाही तर नळी का हलली?

गोळी उडते तेव्हा आवाज आणि धक्का एवढा असतो की त्यात बाकी सगळं झाकलं जातं. माझी काडतुसं मुकी निघाली म्हणून दिसलं. घोडा दाबायच्या क्षणी अभिनव डोळे मिटतात आणि रायफल खाली लोटतात. प्रत्येक वेळी. खांदा, घाम, 'मैदान बंद आहे', सगळं वहीत लिहिलेलं होतं, माझ्याच अक्षरात. आणि मी बी-ट्वेल्व्ह सांगून बसले.

आता हे सांगायचं कसं? कारखान्यात मी फोरमनच्या तोंडावर माल फेकलेला आहे. पण जावयाला "दोष तुमच्यात आहे" असं कुठल्या तोंडाने म्हणायचं, तेही तेलाच्या हाताने.

७ फेब्रुवारी, शनिवार

सांगितलं. टेबलाशी बसलो तेव्हा मी दाब्याला हात लावला नाही. आधी माझं सांगितलं, ते चाळीस मिनिटांचं, सेल बदलल्याचं. त्यांनी मान वर केली नाही. मग वही त्यांच्यापुढे सरकवली आणि त्या तीन ओळींवर बोट ठेवलं.

त्यांनी त्या ओळी दोनदा वाचल्या. मग म्हणाले, "आई, मला बहुतेक माहीत होतं. घोडा दाबायच्या आधी मला त्या हरणाचा आवाज येतो. ते ओरडलं होतं. मी ममताला सांगितलं की आवाज आला नाही, पण ओरडलं होतं." पुढे म्हणाले, "काडतुसं बनवत बसलं की वाटायचं, काहीतरी करतोय. नाहीतर सरळ मान्य करावं लागलं असतं की मला भीती वाटते."

इतका मोठा माणूस, इंजिनिअर, लहान पोरासारखा नाक पुसत होता. मी उठून त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "अरे, भीती वाटते ते बरंच आहे," मी म्हटलं, "न वाटणाऱ्याच्या हातात मी काडतूस दिलं नसतं." अहोचं अरे कधी झालं ते नंतर लक्षात आलं. त्याने ते चालवून घेतलं.

दारात ममता चहा घेऊन उभी होती. तिने किती ऐकलं, ठाऊक नाही.

२८ फेब्रुवारी, शनिवार

हेमींनी उपाय सांगितला. दहातली चार काडतुसं टिकलीही नाही आणि दारूही नाही अशी बनवायची. कुठली मुकी ते फक्त मला माहीत. मी एकेक त्याच्या हातात, बूड झाकून देणार, मागे हेमी उभे. मुक्या काडतुसाला नळी हलली की मी वहीत फुली मारायची.

आज चारही फुल्या. तरी अभिनव म्हणाला, "आई, आज पहिल्यांदा मला स्वतःला कळलं मी काय करतो ते." हेमी म्हणाले, आंटीसारखी परीक्षक त्यांनी बघितली नाही. मी त्यांना डब्यातला बेसनाचा लाडू दिला. दोन मागून घेतले.

१४ मार्च, शनिवार

एक फुली.

१९ मार्च, गुरुवार

पाडवा. गुढीसाठी इथे बांबू मिळतो, कडुनिंब मिळत नाही. अंगणात वाऱ्याने गुढी दोनदा वाकवली, मग अभिनवने ती कुंपणाला तारेने आवळली. श्रीखंड केलं. आज हे गेल्यापासून पहिल्यांदा मी चव घेऊन जेवले, आणि ममताने ते पाहिलं हे मी पाहिलं.

२१ मार्च, शनिवार

एकही फुली नाही. मुक्या काडतुसाला नळी अशी स्थिर राहिली की मलाच वाटलं, त्याने घोडा दाबलाच नाही. मग कोरड्या पुंगळ्यांची पाच खरी काडतुसं. कागद आणला, व्हर्निअर लावला, दोन टोकांच्या भोकांमधलं अंतर बावीस मिलिमीटर. तीनदा मोजलं. तिसऱ्यांदा मोजताना स्वतःचंच हसू आलं, आणि आकडा आहे तसा लिहून घेतला.

२ एप्रिल, गुरुवार

अभिनव उद्या पहाटे तारारुआच्या डोंगरात जाईल, हेमींबरोबर. पाच काडतुसं दिली. हात साबणाने धुऊन, कोरडे करून भरली, प्रत्येकाचा क्रमांक वहीत आहे. म्हटलं, "हरीण मनासारखं उभं राहिलं नाही तर पाचही परत आण. मी परत आलेला माल आनंदाने घेईन."

"तुम्ही?" तो म्हणाला. "तुम्ही कधीच परत घेतला नाहीत ना माल?"

"आता घेते."

६ एप्रिल, सोमवार

तीन दिवस फोन लागला नाही. मी देवाकडे काय मागायचं तेही समजेना. हरणाच्या बाजूने मागू की जावयाच्या? शेवटी म्हटलं, जे होईल ते लवकर होऊ दे.

दुपारी गाडी आली. चिखलाने माखलेला, दाढी वाढलेली. बूट दारात काढून तो सरळ माझ्यापुढे आला आणि माझ्या हातात चार काडतुसं आणि एक रिकामी पुंगळी ठेवली. पहिल्या दिवशी एक नर समोर आला, पण तिरका उभा होता, म्हणून झाडली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. काल सकाळी धुकं उठल्यावर एक आडवा उभा राहिला, मान वर करून. एक गोळी. तो जिथे होता तिथेच बसला आणि पडला. अभिनव जवळ गेला तेव्हा सगळं संपलेलं होतं. म्हणाला, "मी तिथे बसून राहिलो, आई. हेमींनी त्यांच्या भाषेत काहीतरी म्हटलं, मग आम्ही हात लावला."

मी पुंगळी उलटी केली. टिकलीवर ठोक्याची खूण बरोबर मध्ये होती.

"डोळे?" मी विचारलं.

"उघडे होते, आई."

मला एकाच वेळी त्या हरणासाठी रडू आलं आणि या पोरासाठी बरं वाटलं. दोन्ही खरं होतं. अर्धं मांस हेमींच्या घरी गेलं, अर्धं फ्रीजरमध्ये आहे. ममताने माझ्या भाज्यांचा कप्पा वेगळा केला आणि त्यावर चिठ्ठी लावली.

२५ एप्रिल, शनिवार

उद्या निघायचं. बॅग भरताना ती पुंगळी रुमालात गुंडाळून ठेवली, तर अभिनव म्हणाला, "आई, मुंबई एअरपोर्टवर रिकामी पुंगळी सापडली तरी तासन्‌तास बसवून ठेवतात." मग ती गॅरेजमधल्या फळीवर ठेवली, दाब्याच्या वर.

दुपारी ममताला ते चाळीस मिनिटांचं सांगितलं. तिच्या नजरेला नजर न देता, साड्यांच्या घड्या घालत सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत आहे. त्या दिवशी गॅरेजच्या दारात ऐकलं. तू सांगशील म्हणून थांबले होते." मग माझ्या हातातली साडी काढून घेतली आणि म्हणाली, "आई, मी असते तरी सेलच बदलले असते. बाबांचा तो आकडा खरा मानायला कोण तयार होतं?" आम्ही दोघी पलंगावर बसून पोटभर रडलो. चहा गार झाला, तो तसाच प्यायलो.

आत्ता झोपण्यापूर्वी गॅरेजमध्ये जाऊन आले. पुंगळीला बोट लावायचा मोह झाला. तेलाची बाटली हाताशीच होती. नाही लावलं. या हवेत ती दोन महिन्यांत काळी पडेल, पडू दे. ममताला सांगून ठेवलं आहे, ऑक्टोबरचं तिकीट बघ, खंडेनवमीच्या आधीचं. दाब्याची पूजा करायची आहे, झेंडू तिने लावून ठेवावा. आणि पुंगळी मी येऊन पुसेन, कोरड्या फडक्याने.